औताचं लाकूड आणि सुताराची नजर



एरवी या पत्रिकेत बियाणं, खतं, फवारणी यांचीच माहिती असते. या वेळचा विषय जरा निराळा आहे. तुमच्या गोठ्याच्या माळ्यावर किंवा पडवीच्या कोपऱ्यात एखादा जुना लाकडी नांगर, तिफण, कुळवाचं दिंड, नाहीतर गाडीचं मोडकं चाक पडलेलं असेल. उगाच जागा अडवतंय, जळणाला फोडावं किंवा दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला देऊन टाकावं, असं एकदोनदा मनातही आलं असेल. देण्याआधी ते खाली उतरवा, फडक्यानं पुसा आणि अर्धी घटका त्याच्याजवळ बसा, एवढंच सांगायचं आहे. पण कशासाठी बसायचं ते कळायला थोडा इतिहास बघावा लागेल.

कार्ल्याच्या एकवीरा आईच्या दर्शनाला तुमच्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. देवळाला लागूनच डोंगरात कोरलेलं मोठं लेणं आहे. गर्दीत आपण दर्शन घेतो, नारळ फोडतो आणि डोंगर उतरतो. पुढच्या खेपेला दहा मिनिटं काढून त्या लेण्यात जा आणि मान वर करून छताकडे बघा. छत सगळं दगडाचं आहे, पण त्याला आतून बाकदार लाकडी फासळ्या बसवल्या आहेत. छपराच्या बैलगाडीला आपण बांबूच्या कमानी बसवतो ना, तशाच. हे लाकूड लेणं कोरलं त्या काळचं, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. आतल्या स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडाचीच आहे.

गंमत अशी की त्या फासळ्यांवर छताचा भार मुळीच नाही. डोंगरानं स्वतःला आपलं आपण पेललेलं आहे. मग लाकूड कशाला घातलं? त्या काळी घरं आणि मंडप लाकडाचे असत. लाकडी कमान नसलेलं छत लोकांच्या डोळ्यांना पटलंच नसतं. दगड कोरणाऱ्यांनीही लाकडाच्या तुळया आणि लाकडाचे सांधे जसेच्या तसे दगडात उतरवले. आधी सुतारकाम, मग पाथरवटाचं काम, असा आपल्याकडचा क्रम आहे.

त्याच लेण्यातल्या एका शिलालेखात दार करणाऱ्याचं नाव आहे. धेनुकाकट गावचा वढकी सामी, वेणुवासाचा मुलगा. वढकी म्हणजे सुतार. विदर्भात आजही सुताराला वाढई म्हणतात, तो शब्द त्याच मुळातला. राजांची नि सावकारांची नावं दगडावर राहतात यात नवल नाही. इथं एका सुताराचं नाव बापाच्या नावासकट राहिलं आहे, म्हणून ते मुद्दाम सांगितलं.

लाकूड दोन हजार वर्षं टिकलं हे काही जणांना खरं वाटणार नाही. आपल्या डोळ्यांदेखत कुडाच्या मेढी दोन पावसाळ्यांत कुजतात. पण लाकूड वय झालं म्हणून मरत नाही. जमिनीतली ओल, वाळवी, भुंगा आणि आग यांनी ते मरतं. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला आणि १८२८ च्या आगीत त्यातलं बहुतेक लाकूडकाम गेलं. मुख्यतः दगडी चौथरा आणि तट उरले. कार्ल्याच्या डोंगरात ना पाऊस पोचला, ना वाळवी, ना आग.

आता लाकूड कोणाचं, हा प्रश्न घेऊ. कारण त्याचा संबंध थेट तुमच्या बांधाशी आहे.

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिलं. शिवछत्रपतींच्या वेळेपासून चालत आलेली राज्यकारभाराची रीत त्यात सांगितली आहे. आरमाराला मोठं लाकूड लागतं. त्याबद्दल आज्ञा अशी की रानातला साग वगैरे लागेल तेवढा परवानगी घेऊन तोडावा. आंबा-फणसाचं लाकूडही जहाजाच्या कामाचं, पण त्याला हात लावू द्यायचा नाही. का? तर ही झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात. झाड अगदीच जुनं होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं. जबरदस्ती करू नये. तीनशे वर्षांपूर्वीचा हा हुकूम आहे, मंडळी. लाकडाची किंमत घनफुटावर न करता ते वाढवायला किती वर्षं गेली त्यावर केलेली आहे.

पुढं इंग्रजांच्या राज्यात सागाला वेगळेच दिवस आले. सुरतेहून १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्यानं पुढं पिढ्यान्‌पिढ्या गोदीत जहाजं बांधली. विलायतेत युद्धामुळं ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला होता. शिवाय ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे खाल्ले जातात, तर सागाच्या अंगच्या तेलामुळं खिळे सुरक्षित राहतात. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईत बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ नावाचं लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं. मलबारच्या सागाचं हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल बंदरात पाण्यावर तरंगतं आहे. दोनशे वर्षं होऊन गेली.

जहाजाचं कौतुक खरं, पण त्यासाठी रानं मोकळी झाली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि रुळांखाली घालायला आणखी लाकूड हवं झालं. मग सरकारला जंगल राखायची आठवण झाली. १८६५ आणि १८७८ या सालांत जंगलाचे कायदे आले. डोंगराच्या कडेच्या माणसाला जळण, पाला, चराई, औतापुरतं लाकूड हे सगळं आधी सहज मिळायचं, तिथं आता गार्ड उभा राहिला. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात जंगलखात्याला चांगलंच फैलावर घेतलं आहे. हा राग पुढंही धुमसत राहिला. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि माणसं प्राणाला मुकली. आज कोणाला हे प्रकरण नुसतं लाकडाचं वाटेल. पण नांगर मोडला आणि वेळेवर लाकूड मिळालं नाही, तर पेरणीच हुकते.

देशावरच्या कास्तकाराचं खरं लाकूड मात्र साग कधीच नव्हतं. ते होतं बाभूळ. बांधावर, ओढ्याकाठी, नदीच्या मळईत ती आपसूक उगवायची. शेंगा शेळ्यांना, काट्या कुंपणाला, साल कातडी कमवायला, डिंक बाळंतिणीच्या लाडवाला आणि खोड सुताराला. झाडाला कोणी पाणी घातलं नाही की कधी त्याचं नाव काढलं नाही. (परदेशातून आलेली वेडी बाभूळ ती ही नव्हे, बरं का. इथं गावठी बाभळीबद्दल बोलतो आहोत.)

मी दहा-बारा वर्षांचा असताना आमच्या गावचे सुतारबाबा उन्हाळ्यात बांधाबांधानं हिंडायचे. हातात वाकस, पण तोडायचं काही नाही. नुसतं बघायचं. एकदा आमच्या ओढ्याकडच्या बाभळीपाशी ते थांबले. खोडावर हात फिरवला, मागं सरून पुन्हा पाहिलं आणि वडलांना म्हणाले, “आबा, ह्यात नांगर हाय बघा.” मला काही दिसेना. वडील म्हणाले, “औंदा नगं. आजून दोन सालं भरू दे.” आणि खरंच दोन वर्षांनी ते झाड पाडलं. खोडातून एक जाड फांदी तिरपी फुटली होती, तो नेमका नांगराच्या खोडाचा बाक होता.

यातली मेख काय ते नीट समजून घ्या. लाकडात धागे असतात आणि ते झाडाच्या वाढीबरोबर वळत जातात. सरळ ओंडक्यातून वाकडा तुकडा कापून काढला, तर बाकाच्या जागी धागे मध्येच तुटतात आणि खडकाला किंवा मुळीला फाळ अडला की तिथंच काड्‌कन मोडतं. झाडानं स्वतः बाक घेतला असेल तर धागे बाकाबरोबर अखंड फिरतात. काळ्या रानात त्या जड नांगराला चार-चार, प्रसंगी आठ बैल जुंपायचे. तेवढी ओढ सोसायची तर लाकूड अखंडच हवं. जहाज बांधणारेसुद्धा जहाजाच्या फासळ्यांसाठी अशीच वाकडी झाडं शोधत फिरायचे. ज्या झाडाला आपण वेडंवाकडं म्हणून नावं ठेवतो, त्याचीच सुताराला सगळ्यांत जास्त गरज असायची. सरळ वाढणारी रामकाठी बाभूळ नांगराच्या खोडाला कामाची नाही. ती वाशाला, दांडीला बरी.

आता तुमचा जुना नांगर जवळ घ्या. त्याच्या बाकावरून बोट फिरवा. बारीक रेघा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न तुटता वळत गेलेल्या दिसतील. गाठ कुठं आहे तेही बघा. चांगल्या सुतारानं गाठीत भोक पाडलेलं नसतं, ती बाजूला ठेवलेली असते. सालीलगतचं पिवळट लाकूड तासून टाकलेलं असतं, कारण भुंगा आधी तेच खातो. आत उरतो तो तांबूस गाभा. आणि रुमण्याला हात लावा. मूठ जिथं पडायची तिथं लाकूड गुळगुळीत आणि काळसर झालेलं असेल. ती झिलई कुठल्या रोगणाची नाही. तुमच्या आज्या-पणज्याच्या तळहाताची आहे.

बाभूळ पाडली की लगेच कामाला घेत नसत. ओंडका ओढ्याच्या डोहात नाहीतर विहिरीच्या पाण्यात दोन-चार महिने बुडवून ठेवायचे. त्यातून काळं, उग्र वासाचं पाणी सुटायचं. लाकडातलं पिष्ट असं निघून गेलं की भुंग्याला खायला काही उरत नाही. मग सावलीत रचून वाळवायचं. टोकांना शेणमातीचा जाड लेप द्यायचा. टोकाकडून लाकूड लवकर वाळतं आणि चिरा तिथूनच पडतात, म्हणून. तोड शक्यतो हिवाळ्यात करायची. थंडीत लाकूड सावकाश वाळतं, किडाही कमी असतो. ही सारी रीत आजही तितकीच उपयोगी आहे. घराच्या बांधावरचं झाड कामाला घेणार असाल तर जरूर करून बघा.

चाकाची गोष्ट तर आणखी नामी. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि कडेचे बाकदार पुठे, एवढे तुकडे, पण त्यांत खिळ्याचा जोर फारसा नाही. सगळं बाहेरच्या लोखंडी धावेवर अवलंबून. ही धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची, म्हणजे ती फुगते. लोहार, सुतार आणि चार गडी मिळून ती सांडशीनं उचलून चाकावर बसवायचे आणि लगोलग पाणी ओतायचे. धूर, वाफ, जळक्या लाकडाचा वास, आणि धाव आवळत जाताना सांधे कटकट आवाज करत एकमेकांत घट्ट बसायचे. आम्हा पोरांना त्या दिवशी शाळा आठवायची नाही. उन्हाळ्यात लाकूड आटलं की चाक खिळखिळं बोलायला लागायचं. मग गाडी ओढ्याच्या पाण्यात रात्रभर उभी करायची. लाकूड पाणी पिऊन फुगायचं आणि चाक पुन्हा गप्प व्हायचं.

सगळ्याच कामाला बाभूळ नव्हती. लोखंडी आस येण्याआधी आस धावड्याचा करायचे, कारण तो चिवट. मुसळ खैराचं. विहिरीत पाण्याखाली राहणारं लाकूड जांभळीचं. वाळल्यावर वाकू-मुरडू नये असं काही हवं असेल तर शिवण. पांगारा हलका आणि मऊ, सावंतवाडीची लाकडी खेळणी त्याचीच. ही निवड कुठल्या पुस्तकातून आलेली नाही. शेकडो वर्षं मोडून मोडून ती ठरलेली आहे.

असं चोख काम का होत असे, याचं एक कारण बलुत्यात आहे. गावच्या बलुतेदारांच्या तीन ओळी, त्यांत सुतार थोरल्या ओळीचा. सुगीला खळ्यावर त्याला धान्याचा ठरलेला वाटा मिळायचा आणि त्या बदल्यात वर्षभर औतं नीट ठेवायची जबाबदारी त्याची. मोडलं तर दुरुस्तीही त्यानंच करायची, वेगळे दाम नाहीत. मग तो कच्चं लाकूड कशाला वापरेल? तरीही बलुत्याचे गोडवे गाऊ नयेत असं माझं मत आहे. साल वाईट गेलं की खळ्यावर पहिली कात्री बलुतेदाराच्या वाट्याला लागायची, आणि सुताराच्या पोरानं दुसरं काही व्हायचं म्हटलं तर वाट नव्हती. कसब मोठं होतं, पण माणूस बांधलेला होता.

मग १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी शंका त्या वेळी शेतकऱ्यांनी घेतली आणि पहिले थोडे नांगर खपायलाही दोन वर्षं लागली. खरं तर लाकडी नांगराला फाळ लोखंडाचाच असायचा, पण नवीन वस्तूची धास्ती अशीच असते. पुढं १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर घरोघर पोचला. पोचणारच होता. तो माती उलटी करायचा, हरळी-कुंदा मुळासकट वर काढायचा. लाकडी नांगर नुसती जमीन चिरत जायचा. आपल्या वाडवडलांनी हिशेब करूनच बदल केला. तिफण, कुळव आणि गाडी मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं लाकडाचीच राहिली. मग रबरी टायरची गाडी आली, ट्रॅक्टर आला आणि सुताराचं औताचं काम सरलं. सुतारबाबांचा मुलगा शहरात प्लायवूडची कपाटं करतो. चांगलं कमावतो. पण बांधावर उभं राहून झाडात नांगर बघणं त्याला वडलांनी शिकवलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. दोघांनाही ते आता कशाला, असंच वाटलं असणार.

आमच्या घरचा तो ओढ्याकडच्या बाभळीचा नांगर मीच एका लग्नाच्या चुलवणाला फोडून दिला. तेव्हा काही वाटलं नाही. फोडताना कुऱ्हाड चार वेळा उसळली, इतकं लाकूड टणक होतं, एवढं लक्षात आहे.

तुमच्याकडं जे उरलं असेल त्याचं काय करायचं ते आता सांगतो. शहरातले व्यापारी जुनी चाकं, दारं, तिफणी कवडीमोलानं नेतात आणि हॉटेलांच्या दारात शोभेला टांगतात. विकायचंच असेल तर निदान दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. ठेवायचं असेल तर रंग लावू नका, रंगाखाली धागे आणि मुठीची झिलई दोन्ही झाकून जातात. सोड्याच्या पाण्यानं धुऊ नका. कोरड्या कुंच्यानं धूळ काढा आणि फडक्यानं जवसाचं कच्चं तेल पातळ चोळा. पुसून उरलेलं तेलकट फडकं बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतं. ते उघड्यावर पसरून वाळवा. वस्तू मातीवर न टेकवता दगडावर ठेवा, म्हणजे वाळवी लागणार नाही. भर उन्हात ठेवू नका. पिठासारखा भुगा पडत असेल तर आत भुंगा जिवंत आहे. ती वस्तू बाकीच्या लाकडापासून लांब ठेवा आणि भोकांत करंजाचं तेल सोडा.

बांधावर एखादी जुनी बाभूळ असेल, तर वीटभट्टीवाल्याला हो म्हणण्याआधी तिचा बाक बघा. साग, आंबा, चिंच, फणस, मोह अशी झाडं तर स्वतःच्या जमिनीतली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणं आधी परवानगी घ्यावी लागते. वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारा.

आणखी एक. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या की हे औत कुठल्या झाडाचं, ते झाड कुठल्या बांधावर होतं, कोणत्या सुतारानं केलं, साधारण कोणत्या साली. चाड्याच्या कडेला एखादी कोरलेली वेल असेल तर तीही कोणाच्या हातची ते विचारा. सांगणारी माणसं अजून आहेत तोवरच हे होईल. मिळेल ती माहिती औताच्याच अंगावर, खालच्या न दिसणाऱ्या बाजूला लिहून ठेवा. शिसपेन्सिलीनं लिहा. शाई ओलीनं पसरते.